पबमधला ओपन माइक नेमका कुठे पडतो?

मंगळवार-बुधवारी पब रिकामे असतात म्हणून तिथे ओपन माइक (नाव नोंदवून कुणीही येऊन गावं अशी संध्याकाळ) ठेवतात, हे पुण्यामुंबईत सगळ्यांना माहीत आहे. त्यात वाईट काही नाही. पण "गाणारे बरे नव्हते, म्हणून कार्यक्रम पडला" ही मालकांची तक्रार मला अजिबात पटत नाही. कच्चा गाणारा आठ मिनिटांत खाली उतरतो, आणि लोक त्यालाही टाळ्या देतात. संध्याकाळ मरते ती एक उतरल्यापासून दुसरा सुरू होईपर्यंत. पोरगं गिटार पिशवीतून काढतंय, केबल शोधतंय, "चेक, चेक" म्हणतंय, साउंडवाला कुठला चॅनल ते चाचपडतोय. तेवढ्यात टेबलांवर गप्पा रंगतात, आणि एकदा रंगलेल्या गप्पा कुणी थांबवून दाखवाव्यात!

हिशोब सरळ आहे. साडेसात ते दहा म्हणजे १५० मिनिटं. पंधरा मिनिटं मध्यंतराची गेली, उरली १३५. प्रत्येकाला दोन गाणी, म्हणजे आठ मिनिटं, आणि अदलाबदलीला तीन, तर बारा जण बसतात. अदलाबदल सातवर गेली की नऊच. यादीतले शेवटचे तिघं मित्रमंडळींसकट आलेले असतात, ते चिडून घरी जातात आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

ही तीन मिनिटं साधायला महागडं काही लागत नाही. मिक्सरची (सगळे माइक आणि वाद्यं जिथे जोडतात ते यंत्र; त्यातली प्रत्येकाची जागा म्हणजे चॅनल) मांडणी संध्याकाळभर बदलायची नाही, एवढंच. १ आणि २ वर गाण्याचे माइक, ३ वर गिटार, ४ वर कीबोर्ड, ५ आणि ६ वर तबला, ७ वर काहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी). चॅनलखाली पांढरी टेप लावून मार्करने नावं लिहायची आणि तेच आकडे स्टेजवरच्या केबलांच्या टोकांना. गिटारची केबल स्टेजवरचीच, कलाकाराने फक्त टोक खुपसायचं. चॅनल म्यूट केल्याशिवाय जॅक ओढायचा नाही, नाहीतर धाडकन जो आवाज होतो त्याने लोकही दचकतात आणि स्पीकरही. पुढचा कलाकार आधीच्याचं दुसरं गाणं सुरू झालं की वाद्य लावून स्टेजशेजारी उभा पाहिजे. त्यासाठी गिटारच्या डोक्याला लावायचा क्लिपवाला ट्यूनर घ्या. तो लाकडाची थरथर पकडतो, म्हणून गोंगाटातही चालतो. मोबाइलमधला ट्यूनर माइकवर ऐकतो, त्यामुळे पबात तो शेजारच्या टेबलाचा सूर दाखवतो.

आता शिट्टी, म्हणजे स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून उठणारी किंकाळी. माइक बोंबलला की नवखा गाणारा घाबरून मागे सरकतो, आवाज कमी येतो म्हणून साउंडवाला गेन (माइकचा आवाज किती उचलायचा ते बटण) वाढवतो, आणि शिट्टी दुप्पट जोरात परत येते. तोंड ५ सेंटिमीटरवरून १० वर गेलं की माइकला मिळणारा आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. म्हणून उलट करा: जवळ या, गेन उतरवा. माइकची जाळी मुठीत धरायची रॅपर मंडळींची सवय तर मुळावरच येते. जाळी झाकली की माइक फक्त समोरचं न ऐकता चहूबाजूंनी ऐकायला लागतो. शुअर एसएम ५८ सारखा कार्डिऑइड (समोरचं ऐकणारा, थेट मागे बहिरा) माइक असेल तर मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, बरोबर त्याच्या शेपटीच्या दिशेला ठेवा. सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद टापूतलं ऐकणारा) असेल तर थेट मागे नको, जरा बाजूला, कारण त्याचा बहिरा कोन १२० अंशांच्या आसपास असतो. आणि जे माइक वापरात नाहीत ते बंद. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी ३ डेसिबल आधी येते.

गिटारचा पातळ, पत्र्यासारखा आवाज येतो तो बहुतेक वेळा गिटारचा दोष नसतो. बॅटरी नसलेला पिएझो पिकअप (गिटारची थरथर पकडणारी पट्टी) थेट मिक्सरला लावलेला असतो. त्याला किमान १ मेगाओम इनपुट असलेला ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायची छोटी डबी) लागतो. शंभर हर्ट्झच्या आसपास घुमायला लागली तर गिटारच्या भोकात रबरी झाकण बसवा, इक्वलायझरशी झटापट करण्यापेक्षा ते लवकर होतं. लॅपटॉप जोडल्यावर ५० हर्ट्झची घूं सुरू झाली तर चार्जर काढून बघा, मग डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मोडू नका, ती जीव वाचवायला असते.

तबला-पेटीवाल्यांना पबात बोलवत नाहीत, हा मला सर्वात मोठा करंटेपणा वाटतो. कारण सांगतात की लावायला वेळ लागतो. लागतो, पण तो कमी करता येतो. पहिलं म्हणजे, पावसाळ्यात बाहेरच्या दमट हवेतून तबला एसीत आला की पुडी (वरचं चामडं) सुकून ताणते आणि सूर चढतो. म्हणून तबला निदान अर्धा तास आधी खोलीत उघडा ठेवायचा आणि मगच हातोडी उचलायची. मोठा फरक गट्ट्यांवर (बाजूचे लाकडी ठोकळे), बारीक फरक गजऱ्यावर (पुडीची विणलेली कड), आणि हे सगळं स्टेजच्या बाहेर. दुसरं, नाव नोंदवतानाच पट्टी विचारा आणि क्रम पट्टीप्रमाणे लावा. काळी एकचे (म्हणजे ज्यांचा सा पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर आहे असे) गायक एकापाठोपाठ घेतले तर दायां, म्हणजे उजव्या हाताचा तबला, हलवावाच लागत नाही. काळी चारची गायिका आली तरी तोच दायां चालतो, कारण काळी चारचा मध्यम (म) म्हणजे काळी एक, आणि दायां साऐवजी मध्यमातही चालतो. गाण्यात शुद्ध मध्यम नसेल तर मात्र खटकेल, तेव्हा आधी विचारा. गिटारवाल्यांनाही पट्टीची भीती नको: काळी एक म्हणजे सी शेपला पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा), काळी पाच म्हणजे जी शेपला तिसऱ्यावर. तबलजीला दीडेक फुटी बैठक द्या, नाहीतर मागच्या टेबलांना फक्त त्याचा भांग दिसतो. (आणि त्याची हाताला लावायची पावडर कीबोर्डपासून लांब.)

दहाची वेळ गंमत म्हणून पाळायची नसते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, त्यामुळे गच्चीवरच्या पबांनी शेवटचं गाणं पावणेदहालाच धरावं.

हक्कांचं ज्ञान आयोजकांना बेताचंच असतं. दुसऱ्याचं गाणं पबात गायलं तर शब्द आणि चालीच्या हक्कांसाठी आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) परवाना लागतो, आणि तो जागेने काढायचा, गाणाऱ्या मुलाने नाही. करावके ट्रॅक वाजवला तर ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा. "अभंग आहे, कुणाचा हक्क?" हे अर्धंच खरं. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण चाल विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असेल तर त्याच्या निधनानंतर ६० वर्षं ती संरक्षित असते.

नाव नोंदवताना वयही विचारा. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ ही मर्यादा आहे, म्हणून काही पब एकोणीस वर्षांच्या गायिकेला दारातच अडवतात, ती फक्त लिंबू सरबत पिणार असली तरी. मॅनेजरशी आदल्या दिवशी बोलून तिला पहिल्या तासात गाऊ द्या.

राहिला पैसा. गाणाऱ्याकडूनच दोन-तीनशे रुपये "नोंदणी शुल्क" घेणारे आयोजक वाढलेत. जो माणूस फुकट गातो, वर चार मित्र आणतो आणि ते चौघं बिल भरतात, त्याच्याच खिशात हात घालायचा? शुल्क घ्यायचंच असेल तर बदल्यात काही तरी द्या. मिक्सरवरून थेट घेतलेलं रेकॉर्डिंग मात्र देऊ नका. लहान खोलीत तबला-काहोन स्वतःच मोठे वाजतात, मिक्सरमधून त्यांना फारसं उचलावं लागत नाही, त्यामुळे त्यात नुसता गळा पुढे येतो आणि ठेका गायब असतो. खोलीच्या मध्यावर स्टँडवर एक साधा स्टिरिओ रेकॉर्डर लावा आणि त्याची फाइल दुसऱ्या दिवशी पाठवा.