देवदर्शनाला निघालेली बाई पर्यटक नाही?

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मराठवाड्यात पर्यटन वाढलं हे मी उगीच लिहिलं, वाढली ती नुसती देवदर्शनाची गर्दी, तीही समृद्धी महामार्गामुळे, आणि ते लोक मुक्काम करत नाहीत, असं तुमचं म्हणणं.

रस्त्याचं मान्यच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, जून २०२५ मध्ये सगळे ७०१ किलोमीटर खुले झाले. पण लेखात माझ्याकडून राहिलं ते एसटीचं अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत ५० टक्के सवलत आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर त्याआधीच प्रवास मोफत झाला. घृष्णेश्वर, औंढा नागनाथ, परळी वैजनाथ, तुळजापूर, माहूर; घरच्यांकडे भाड्याचे पैसे मागावे लागतात म्हणून जी बाई वर्षानुवर्षं घरीच राहिली, ती आता जावेला, बहिणीला सोबत घेऊन निघते. ही गर्दी समृद्धीवरून आलेली नाही.

आणि ती पर्यटक नाही, हे मला अजिबात पटत नाही. गेल्या श्रावणात वेरूळला होतो. घृष्णेश्वराचं दर्शन उरकून सात-आठ जणी चालतच लेण्यांकडे आल्या, कपाळाचं गंध अजून ओलं. चाळीस-चाळीस रुपयांची तिकिटं काढली. कैलास लेण्यात शिरताच समोर गजलक्ष्मी, तिथं सगळ्यांनी हात जोडले. पुढं रावण कैलास हलवतोय त्या शिल्पाखाली एका आजीनं नातीला उभं केलं आणि अख्खी गोष्ट सांगितली, मधेमधे रावणाचे हात मोजायला लावत. मी शेजारी उभा राहून ऐकत होतो. लेणं बघणं यापेक्षा वेगळं काय असतं?

मुक्कामाचं मात्र तुमचं खरं आहे. ज्या रस्त्यानं माणूस सकाळी येतो, त्याच रस्त्यानं संध्याकाळी घरी पोचतो. लॉजवाल्याच्या, खानावळीच्या हाती काही लागत नाही. अजिंठा छत्रपती संभाजीनगर शहरापासून शंभरेक किलोमीटर, वेरूळ दुसऱ्या अंगाला तीस. एक सोमवारी बंद, दुसरं मंगळवारी. दोन्ही नीट बघायची तर रात्र काढावीच लागते, आणि एसटीनं आलेल्या बायकांना परवडेल, निर्धास्त झोपता येईल अशी खोली शोधायला गेलं की पंचाईत होते. त्या आजींचं तीन मजली बारा नंबरचं लेणं बघायचं राहूनच गेलं. परतीची गाडी चुकेल म्हणून नातीचा हात धरून त्या फाटकाकडे पळाल्या.