बाटलीने दूध पाजून सिंह वाचत नाहीत

सकाळपासून आमच्या ग्रुपवर एकच फोटो फिरतोय. ओळखीतला एक मुलगा वन्यजीव संवर्धनाचा व्हॉलंटियर म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेलाय. मांडीवर सिंहाचा छावा, हातात दुधाची बाटली. खाली बदामांचा नुसता पाऊस. माझं डोकंच फिरलं.

अरे, सिंहिणीचं पिल्लू माणसाच्या मांडीवर आलंच कसं, हे एकालाही विचारावंसं वाटू नये? 'आईने टाकलंय' ही ठरलेली थाप. पिल्लं जन्मली की काही दिवसांत आईपासून तोडतात, म्हणजे सिंहीण लवकर पुन्हा माजावर येते. लहान असेतो फोटोला, मोठी झाली की कुंपणाच्या आत पैसे मोजून आलेल्या शिकाऱ्यापुढे. हाडांनाही आशियात गिऱ्हाईक आहे. २०१७ साली तिथल्या सरकारने ८०० सांगाडे निर्यात करायला परवानगी दिली होती! २०२१ मध्ये सरकारनेच नेमलेल्या समितीने हे थांबवा म्हणून सांगितलं. आणि आपली पोरं पैसे भरून दूध पाजतायत.

मी व्हॉलंटियर म्हणून पहिल्यांदा गेले ती नामिबियात, दामारालँडला. काम काय, तर गवंड्याच्या हाताखाली बिगारी. वाळवंटातले हत्ती तहानेने वस्तीवर येतात, पंप-पाइप उखडून टाकतात. म्हणून टाकीभोवती दगडांची जाडजूड भिंत बांधायची आणि हत्तींना प्यायची सोय बाहेर वेगळी. दिवसभर घमेली उचलायची, सकाळी विंचू नाही ना म्हणून बूट झटकून घालायचे. हत्ती दिसला तोही लांबून, पाठमोरा.

तिथली एक आजी, चार शेरडं राखणारी, रोज संध्याकाळी यायची. दोन्ही तळवे लावून भिंत ढकलून बघायची. एकदा एक दगड हलला. काही बोलली नाही, नुसतं बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी तेवढा भाग उतरवून आम्ही पुन्हा रचला.

हो, माझ्या विमानाच्या तिकिटात तिथल्याच गवंड्यांना कितीतरी दिवस काम मिळालं असतं. मान्य. पुढे.

त्या मुलावर राग नाही माझा. कोवळं पोर आहे, मनापासून गेलंय, जनावरांची माया आहे त्याला. राग आहे तो त्याच्या आईबापांकडून लाखांत पैसे घेऊन 'संवर्धन' विकणाऱ्या एजन्सीवर. आणि तुमच्यावरही, खरं सांगते. २०२४ च्या दुष्काळात नामिबियाने ८३ हत्ती धरून ७२३ प्राणी मांसासाठी मारायचं ठरवलं, तेव्हा रडके इमोजी टाकणारे तुम्हीच. त्या आजीचा पंप उखडला तर ती शेरडांना काय पाजणार, हे तेव्हा सुचलं नाही. लांब कशाला, आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात हत्ती केळी-माड आडवे करतात, तिथे किती जण जाऊन आलात?

तर ज्यांची मुलं पुढच्या सुट्टीत निघाली आहेत, त्यांनी बुकिंगआधी फोन करून विचारा, छाव्याची आई कुठे आहे आणि मागच्या वर्षीचे छावे कुठे गेले. उत्तर काय येतं ते खाली कॉमेंटमध्ये लिहा. एजन्सीच्या नावासकट.