मावशी, ते सिम परत फोनमध्ये घाल

मावशी शुक्रवारी पहाटेच्या विमानानं न्यू जर्सीला चालली आहे. लेकीचं बाळंतपण, पुरते सहा महिने. परवा रात्री मी गेले तेव्हा डिंकाच्या लाडवांचा डबा बांधून झाला होता, बॅगेचं वजन दोनदा करून झालं होतं, आणि ती चष्मा लावून टेबलापाशी बसली होती. हातात एक कानातलं. त्याच्या दांडीनं ती फोनचा सिमचा ट्रे उघडत होती. शेजारी अंगाऱ्याची असते तशी प्लास्टिकची पुडी. "सिम काढून कालनिर्णयाच्या मागे चिकटवून ठेवते. आल्यावर घालीन," म्हणाली. हे कुणी सांगितलं? तर ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर आलं होतं.

तो मेसेज मी महिनाभरात चार ग्रुपवर बघितला आहे. वर 'परदेशी जाणाऱ्यांनी अवश्य वाचा व पुढे पाठवा', आणि खाली पाच गोष्टी. भारतीय सिम घरीच काढून ठेवा, कारण फोन नुसता चालू असला तरी हजारो रुपये कापले जातात. परत आल्यावर सिम घातलं की ते जसंच्या तसं चालू होतं, मधे रिचार्जवर पैसे घालवू नका. जाण्याआधी स्टार ४०१ डायल करून आपला नंबर मुलाच्या नंबराकडे वळवा, म्हणजे ओटीपीही त्याच्याकडे जातील. व्हॉट्सॲप जगभर फुकट आहे, त्यामुळे नंबराची गरजच नाही. आणि युरोपात एक सिम घेतलं की सगळे देश त्यात आले. शेवटी पाठवणाऱ्याची ग्वाही: 'मी स्वतः असंच केलं आहे, काहीही अडचण नाही.'

इतके दिवस दुर्लक्ष केलं. आता घरातलं माणूस कानातलं काढून ट्रे उघडायला बसलं म्हटल्यावर गप्प बसवेना.

आधी दुसरा मुद्दा घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याच्यामुळे होतं. सिम सहा महिन्यांनी जसंच्या तसं चालू होतं, असं म्हणणं आहे. होईलच याची काहीही खात्री नाही.

प्रीपेडची मुदत संपली की आधी आपले बाहेर जाणारे कॉल बंद होतात, मग येणारे कॉल आणि एसएमएस. तिथून पुढे नंबर नुसता पडून असतो. ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, नियम २०१३ पासून आहे: नंबर सलग ९० दिवस वापरला गेला नाही तर कंपनी तो कायमचा बंद करू शकते. वापर म्हणजे कॉल करणं किंवा घेणं, एसएमएस पाठवणं, इंटरनेट वापरणं. कपाटात ठेवलेल्या सिमवर यातलं काहीच होत नाही. त्याच नियमात आपल्या सोयीच्याही दोन गोष्टी आहेत. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर कंपनीला वापर नाही म्हणून नंबर बंद करता येत नाही. ती त्यातून ठरावीक रक्कम कापून मुदत पुढे नेते. आणि नंबर बंद झालाच, तर १५ दिवसांत मागून तो परत सुरू करून घेता येतो. पण न्यू जर्सीत बाळाला तेल लावत बसलेल्या बाईला नंबर बंद झाला हे कळणार कसं? तो कळवणारा एसएमएसही त्याच सिमवर येणार.

बंद झालेल्या नंबराचं पुढे काय होतं? तो दुसऱ्याला देतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. बंद केलेला नंबर ९० दिवस कुणाला दिला जात नाही, असं ट्रायनं तिथं सांगितलं. त्यानंतर तो दिला जातो, हे त्यातच आलं. व्हॉट्सॲपवरचा मजकूर पुसून ठेवणं हे ज्याचा नंबर होता त्यानंच बघावं, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. आता हिशेब करा. वापर नाही म्हणून ९० दिवस, मग राखून ठेवलेले ९० दिवस, मिळून १८०. अमेरिकेत आईवडिलांना विमानतळावर सहसा सहा महिन्यांचाच मुक्काम देतात.

हे माझ्या थोरल्या काकांच्या बाबतीत झालेलं आहे. ऑस्ट्रेलियात मुलाकडे आठ महिने राहून आले, सिम घातलं, तर रेंजच येईना. मी माझ्या फोनवरून त्यांचा नंबर लावला. एका तरुण मुलानं उचलला. हिंदीत बोलत होता, अगदी अदबीनं. म्हणाला, दोन आठवड्यांपूर्वी नवीन सिम घेतलं, तेव्हापासून रोज कुणाच्या तरी बँकेचे मेसेज येताहेत. "अंकल की पेन्शन जमा हुई, वो भी आया था." काका शेजारी उभे होते. त्यांचा चेहरा मी विसरलेली नाही. तो मुलगा भला होता म्हणून निभावलं. वाईट माणसाच्या हातात तोच नंबर गेला असता, तर काकांच्या खात्याची निम्मी किल्लीच त्याच्याकडे गेली असती. पुढे बँकेची शाखा, विमा, गॅस, म्युच्युअल फंड, प्रत्येक ठिकाणी नंबर बदलण्याचा अर्ज. आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न तोच: जुन्या नंबरावर ओटीपी आला असेल, तो सांगा. पंच्याहत्तरीचा माणूस तीन आठवडे रांगांत उभा होता. हे सगळं कशासाठी, तर मेसेजमध्ये लिहिलं होतं 'रिचार्जवर पैसे घालवू नका'.

पैसे वाचवायचे असतील तर रस्ता आहे. ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले, डेटा नसलेले पॅक ठेवायला लावले, आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. जानेवारी २०२५ मध्ये असे वर्षभराचे पॅक आले तेव्हा ते दोन हजारांच्या आत होते. डेटा परदेशात वापरायचाच नाही, तर त्याचे पैसे भरता कशाला? मावशीचं रिचार्ज मी तसंच केलं. वर्षभर बघायला नको.

आता ते स्टार ४०१. पाचांतला हा सगळ्यात अक्कलशून्य मुद्दा आहे. कॉल वळवला की कॉल वळतो. एसएमएस वळत नाही. ओटीपी येतो एसएमएसनं. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्यानं हे स्वतः एकदाही करून बघितलेलं नाही, आणि तरी 'मी स्वतः केलं आहे' असं लिहून मोकळा झाला. दुसरं म्हणजे, हा स्टार ४०१ चा रस्ताच दूरसंचार विभागानं १५ एप्रिल २०२४ पासून कंपन्यांना बंद करायला लावला. का? तर ठग लोक फोन करून "तुमचं सिम बंद होणार आहे, हा नंबर डायल करा" असं सांगायचे, बिचारा माणूस डायल करायचा, आणि त्याचे सगळे कॉल ठगाकडे जायचे. सत्तरीच्या माणसांना 'स्टार ४०१ लावणं चांगलं असतं' अशी सवय लावणारा मेसेज आपण आपल्याच हातानं पुढे पाठवतोय, याचा मला मनापासून राग येतो.

कॉल वळवून ठेवल्यानं पैसे वाचतील असं कुणाला वाटत असेल, तर तेही खोटं. रोमिंगवर, म्हणजे आपलंच सिम परदेशातल्या नेटवर्कवर चालत असताना, 'फोन उचलला नाही तर दुसरीकडे वळव' असं आधीच लावून ठेवलेलं असेल, तर कॉल मुंबईहून अमेरिकेला जातो, तिथं कुणी उचलत नाही, आणि वळून परत भारतात येतो. दोन्ही फेऱ्यांचे पैसे आपल्याला पडू शकतात. जाण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करायचं असतं.

पहिल्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. रोमिंगचा पॅक न घेता परदेशात आपल्या सिमवर इंटरनेट चालू राहिलं, तर खरंच डोळे पांढरे होतील असं बिल येतं. बिल बोलण्यानं तेवढं चढत नाही. फोन खिशात असताना फोटो वर चढवत राहतो, ॲप अपडेट करत राहतो, त्यानं चढतं. विमानातलं आणि बोटीवरचं नेटवर्क आणखी महाग, आणि अमेरिकेसाठी घेतलेल्या पॅकमध्ये ते येतंच असं नाही. वाटेत दुबईला उतरून तीन तास बसलात, तर तिथंही तो पॅक लागू असेलच असं नाही. एवढं मान्य.

पण म्हणून सिमच काढायचं? रोमिंग आणि डेटा रोमिंग ही दोन वेगळी बटणं आहेत. डेटा रोमिंग बंद ठेवा, रोमिंग चालू ठेवा. सिम तिथलं नेटवर्क पकडून शांत बसतं आणि बँकेचे एसएमएस घेत राहतं. रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला आपल्याकडे सहसा पैसे पडत नाहीत; निघण्याआधी आपल्या कंपनीला एक फोन करून खात्री करा आणि त्याच फोनवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून मागा. ते आपोआप सुरू नसतंच. २०२० मध्ये ट्रायनं कंपन्यांना ते मुळात बंद ठेवायला सांगितलं, ग्राहकानं मागितलं तरच चालू. आणि मावशीसारख्या प्रीपेडवाल्यांचे हजारो रुपये कापणार कुठून? खात्यात असतील तेवढेच जातील. ती भीती पोस्टपेडवाल्यांची.

कॉलचं एक लक्षात ठेवावं लागतं. रोमिंगवर आलेला कॉल उचलला की उचलणाऱ्याला पैसे पडतात. दादरहून फोन करणारा दादरचेच पैसे देतो, त्याला मावशी कुठे आहे हे ठाऊकही नसतं; पुढचा समुद्रापारचा खर्च मावशीचा. इतकंच काय, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या भाच्यानं तिच्या भारतीय नंबरावर फोन केला, तरी तो कॉल भारतात जाऊन परत एडिसनला येतो. म्हणून उचलायचा नाही, वाजू द्यायचा, नाव बघायचं आणि घरच्या वायफायवरून आपण फोन करायचा. मावशीला हे एकदा सांगितलं, कळलं.

व्हॉट्सॲपचा मुद्दा. घरी वायफाय असलं की फुकट, बरोबर. जगभर, हे चूक. दुबईत व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, फोटो जातो, कॉल लागत नाही. तिथं बोटिमसारखी परवाना असलेली ॲप वापरतात. चीनमध्ये तिथल्या वायफायवर किंवा तिथल्या सिमवर व्हॉट्सॲप चालतच नाही. आणि अमेरिकेत ९११ हा आणीबाणीचा नंबर व्हॉट्सॲपवरून लागत नाही. घरात बाळंतीण आहे, जावई रात्रपाळीला असेल, तेव्हा मावशीच्या हातात साधा कॉल लागेल असा नंबर हवा. लेकीच्या प्लॅनमध्ये आणखी एक नंबर जोडणं किंवा तिथलं प्रीपेड सिम घेणं, हे दोन्ही रोजच्या रोमिंग पॅकपेक्षा सहा महिन्यांत कितीतरी स्वस्त पडतं. फोन मात्र जुना बटणांचा नको. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, त्यामुळे फोरजीवर बोलता येईल असाच फोन लागतो. आणि व्हॉट्सॲपला नंबर लागत नाही म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागानं अशा ॲपना आदेश दिला की ज्या नंबराचं खातं आहे ते सिम फोनमध्ये असल्याशिवाय ॲप चालू देऊ नका. कपाटातलं सिम तिथंही आडवं येणार.

युरोपचं थोडक्यात. युरोपीय संघातल्या देशांत एका देशाचं सिम दुसऱ्यात जादा पैशांशिवाय चालतं, १५ जून २०१७ पासून, आणि ती सोय २०३२ पर्यंत वाढवली आहे. पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही, ब्रिटन आता नाही. आपल्याकडच्या सहलींत पॅरिसनंतर दुसऱ्याच दिवशी स्वित्झर्लंड असतं. सिम घेताना तो देश नावानिशी विचारून घ्या.

परवा रात्री आम्ही सिम पुडीतून काढून परत पहिल्या खणात घातलं. दुसऱ्या खणात लेक तिथलं सिम घालील. डेटा रोमिंगचं बटण मावशीनं स्वतः तीनदा चालू-बंद करून बघितलं आणि बंद ठेवलं. बँकेचा टोल-फ्री १८०० चा नंबर परदेशातून सहसा लागत नाही, म्हणून +९१ नं सुरू होणारा साधा नंबर तिनं वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला.

आता ज्यांनी आमच्या ग्रुपवर हा मेसेज टाकला त्या काकांना. काका, तुम्ही सिॲटलला जाऊन अडीच महिने झाले. तुम्ही चांगल्या मनानं तो टाकलात, लोकांचे पैसे वाचावेत म्हणून, हे मला माहीत आहे. मघाशी मी तुमचा इथला नंबर लावून बघितला. 'इस नंबर पर इनकमिंग कॉल की सुविधा उपलब्ध नहीं है' असं ऐकू आलं. म्हणजे मुदत संपली आहे, पण नंबर अजून दुसऱ्या कुणाला गेलेला नाही. आज रात्रीच तिथून ऑनलाइन रिचार्ज करा. घराची किल्ली आमच्याकडे आहेच. सिम कुठल्या कपाटात आहे तेवढं कळवा, मी उद्या सकाळी ते माझ्या जुन्या फोनमध्ये घालून एक कॉल करते.