हॉबी लॉबीत जायचं की नाही

गणपती जवळ आले की इथे टेक्ससमध्ये आमच्या मंडळाच्या ग्रुपवर मखराच्या सामानाची चर्चा सुरू होते आणि फिरून फिरून हॉबी लॉबी या क्राफ्टच्या दुकानावर येते. फुलांच्या माळा, सोनेरी लेस, मुलांना मूर्ती करायला एअर ड्राय क्ले, फोम बोर्ड (महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलवर बंदी आहे आणि इथे आपण त्याचाच सख्खा भाऊ बिनदिक्कत कापत बसतो, असो), सगळं एका छताखाली मिळतं आणि त्यातलं काही ना काही चाळीस टक्के ऑफ असतंच. या आठवड्यात फुलं, पुढच्या आठवड्यात फ्रेम्स. फुलांवर इतक्या वेळा सूट असते की ती मूळ किमतीत कोण घेतं हे मला अजून कळलेलं नाही.

मग कुणीतरी लिहितं, मी तिथे जात नाही. पुढे दोन मिनिटं सगळे गप्प, आणि मग कुणीतरी मोदकांचा विषय काढतं.

कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून थोडक्यात सांगते. ओबामाकेअरमध्ये, म्हणजे ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यात, कंपनीच्या हेल्थ इन्शुरन्समधून गर्भनिरोधक साधनं मोफत मिळायची तरतूद होती. हॉबी लॉबीचं मालक कुटुंब, म्हणजे ओक्लाहोमाचे ग्रीन, कट्टर ख्रिश्चन. वीस प्रकारांपैकी चार, दोन प्रकारच्या आययूडी (तांबीसारखी गर्भाशयात बसवायची साधनं) आणि दोन मॉर्निंग आफ्टर, म्हणजे संबंधानंतर घ्यायच्या, गोळ्या, आमच्या श्रद्धेत बसत नाहीत म्हणाले, आणि ३० जून २०१४ ला सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ ने जिंकले. बाकीचे सोळा प्रकार ते देत होते हेही सांगायला हवं, नाहीतर उगाच अन्याय होतो. पण विरोधी निकालपत्रात न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी लिहिलंय की आययूडीचा खर्च किमान वेतनावर काम करणाऱ्या बाईच्या जवळजवळ महिनाभराच्या पगाराएवढा होतो. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात तांबी फुकट बसवतात, त्यामुळे मला हे वाचून पहिल्यांदा काही कळेचना.

आणि मराठी माणसाला ही गोष्ट नवीन वाटायचं कारण नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी गेली, कॉलेज मिशनऱ्यांचं होतं. नोकरी देणाऱ्याचा धर्म आणि नोकरी करणाऱ्याचं खासगी आयुष्य, भांडण तेच.

आता गंमत अशी की माहेरच्या ग्रुपवर याच्या अगदी उलटं चालतं, तिथे शांतता नसतेच. मे २०२५ मध्ये पुण्याच्या मार्केट यार्डात व्यापाऱ्यांनी तुर्कीची सफरचंदं बंद केली तेव्हा फोटोंचा पाऊस, दिवाळीला चिनी माळांवर बहिष्कार, आणि ऑगस्टमध्ये ट्रम्पनी भारतीय मालावरचा टॅरिफ पन्नास टक्क्यांवर नेला तेव्हा चुलतभावाने अमेरिकन मालाच्या बहिष्काराची यादी टाकली आणि खाली मलाच विचारलं, ताई तू कुणाच्या बाजूने? त्यावर दुसऱ्याने लगेच ठेवणीतला टोमणा मारला, आधी सांग टाइप कुठल्या फोनवरून करतोयस.

हा टोमणा मला अजिबात पटत नाही. सगळं सोडता येत नाही म्हणून काहीच सोडू नये असं कुठे आहे? सफरचंद सोडणं सोपं आहे कारण शेजारच्या पेटीत हिमाचलचं असतं, फोन सोडणं अवघड आहे, म्हणून सफरचंद सोडणारा ढोंगी ठरत नाही. मला खटकतं ते दुसऱ्याच्या पिशवीत डोकावणं. स्वतः काय घेत नाही ते सांग, माझ्या देशभक्तीची पावती नको मागूस.

पण इथे राहून एक कळलं की पर्याय असणं हीच मोठी चैन आहे. जोआन नावाचं कापडाचं आणि क्राफ्टचं जुनं दुकान होतं, २०११ मध्ये एका गुंतवणूक कंपनीने विकत घेतलं, पुढे कर्जाखाली दबलं, एका वर्षाच्या आत दोनदा दिवाळखोरी आणि मे २०२५ पर्यंत देशभरातली सगळी, आठशेच्या आसपास, दुकानं बंद. राहिलं मायकल्स, तेही २०२१ पासून अशाच एका कंपनीचं. माल सगळीकडे बराचसा चीनचाच. म्हणजे हॉबी लॉबी सोडून मायकल्सला गेले तर मी काही गंगेत न्हायले असं होत नाही.

१९०५ ला पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली ती आपण सगळे सांगतो. पैसा फंडाचं नाव फारसं कुणी काढत नाही, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून १९०८ ला तळेगावला काचेचा कारखाना उभा केला ते. जाळायला एक संध्याकाळ पुरते, बांगडी इथेच बनवायला भट्टी लागते. आमच्या ग्रुपवरच्या याद्यांमध्ये भट्टीवाला भाग नसतोच कधी.

आणि ग्रीन कुटुंबाबद्दल कितीही राग असला तरी एक मान्य करावं लागतं, ते आपल्या श्रद्धेपायी स्वतःच्या खिशाला चाट लावून घेतात. रविवारी दुकान बंद, अमेरिकेत, शॉपिंगच्या दिवशी! (सगळंच काही सोवळं नाही, इराकमधल्या प्राचीन मातीच्या वस्तू सिरॅमिक टाइल्सचे नमुने म्हणून मागवल्याबद्दल २०१७ मध्ये तीस लाख डॉलर भरायला कबूल झालेच की.) मग त्यांच्याशी न पटणारी मी, माझं मत चाळीस टक्क्यांवर विरघळणार असेल तर त्याला मत कशाला म्हणायचं. म्हणून घरच्या मखराचं सामान मी दुसरीकडून घेते, थोडं महाग पडतं, पडू दे. मंडळाचं मात्र मी बोलत नाही, ते वर्गणीचे पैसे आहेत आणि वर्गणी देणाऱ्यांत हॉबी लॉबीच्या बाजूचेही आहेत.

नवरा म्हणतो, काउंटरवरच्या बाईचं काय? त्याचं बरोबर आहे, टेक्ससमध्ये किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर आणि हॉबी लॉबीने पूर्णवेळ माणसाचा किमान पगार २०२२ मध्येच साडेअठरावर नेला, बाकीच्यांनी लाजावं असं. माझ्याकडे याला चोख उत्तर नाही. पण चांगला पगार देतो म्हणून तिच्या इन्शुरन्समध्ये कुठली गोळी असावी हेही मालकच ठरवणार, हे मला नाही पटत, आणि तिलाही कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.