‘शाळेतलं पोरही सांगेल’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘नदीवेडा’ या टोपणनावामागचे महोदय,

फ्रान्समधली लू ही दू नदीची उपनदी, पण तिच्या उगमाला दूचंच मुरलेलं पाणी येतं, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदाही आलाच. “उपनदी मुख्य नदीला मिळते, मग मुख्य नदीचं पाणी उपनदीत कसं येईल? शाळेतलं पोरही सांगेल. घरबसल्या नकाशे बघून लेख पाडू नका.”

आधी एक कबूल करतो. लेखात मी ‘डूब्स’ लिहिलं होतं, उच्चार नुसता ‘दू’ आहे. चूक माझी, दुरुस्त केली.

आता ते ‘पाडू नका’. बझांसोंला, दूच्या वळणात वसलेल्या गावात, मी दोन वर्षं काढली आहेत. सुट्टीच्या दिवशी बसने लूच्या खोऱ्यात जायचो. ऊआँ गावाखाली तिचा उगम आहे. चुनखडीचा उभा कडा, त्यात गुहेचं भलंमोठं तोंड आणि आतून गर्जत येणारी अख्खी नदी. कपडे ओले होतात हो, नकाशा बघून होत नाहीत! चित्रकार गुस्ताव कुर्बेने १८६४ मध्ये हीच जागा चित्रात रंगवली, तो खालच्या ओर्नां गावचाच.

इतकं पाणी येतं कुठून? ऑगस्ट १९०१ मध्ये दूकाठच्या पोंतार्लिए गावातल्या पेर्नोच्या अ‍ॅबसिंथ (बडीशेपेच्या स्वादाची दारू) कारखान्यावर वीज पडून आग लागली. दारूचा मोठा साठा दूमध्ये गेला आणि दोनेक दिवसांनी लूच्या उगमाला बडीशेपेसारखा वास येऊ लागला. पुढे १९१० मध्ये दूच्या पाण्यात रंग सोडून खात्री करून घेतली गेली. पोंतार्लिएच्या खाली दूच्या पात्रात भेगा आहेत, तिथून पाणी मुरतं. दू ईशान्येला स्वित्झर्लंडच्या हद्दीला लागून मोठा वळसा घेते. मुरलेलं पाणी आडवाटेने लू होऊन निघतं आणि दोलच्या खाली परत दूलाच मिळतं. पाणी उलटं वाहत नाही, महोदय, उताराकडेच जातं. शाळेतल्या पोराला हेही सांगा.

पठारावर मुरणारा पाऊसही लूला पाणी पुरवतो, हा तुमचा दुसरा मुद्दा. पुरवतोच, मी कुठे नाही म्हटलं? शीर्षक ‘लू म्हणजे दूच’ होतं खरं, पण शीर्षक ते शीर्षक.

आणि लेखातल्या ज्या फोटोवर तुम्ही शंका घेतलीत, तो ओर्नांचाच आहे. पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी ती घरं दिसतात ना, त्यांच्या समोरच्या काठावर बसून मी पाव आणि कोंते चीज खाल्लं आहे.