‘कळतं ना, मग शिक्षाही मोठ्यांचीच!’ : एका दाव्याची तपासणी

अल्पवयीन मुलाच्या हातून खून झाल्याची बातमी आली, की पाठोपाठ एक मजकूर मोबाइलवरून फिरू लागतो. त्याचा आशय असा : अशी मुले जन्मतःच क्रूर असतात, मोबाइलवरचे खेळ त्यांना आणखी बिघडवतात, सोळाव्या वर्षी बरेवाईट सारे कळते आणि म्हणून त्यांना थेट मोठ्यांसारखी शिक्षा दिली तरच जरब बसेल. ज्या घरातला माणूस गेला, त्या घराला मारेकऱ्याच्या वयाने कसला दिलासा मिळणार? त्यामुळे यामागचा संताप समजतो; त्यातली विधाने मात्र टिकत नाहीत.

जन्मजात क्रौर्याचे भाकीत अमेरिकेत एकदा करून झाले आहे. १९९५ साली जॉन डियुलिओ या राज्यशास्त्रज्ञाने दयामाया नसलेल्या ‘सुपरप्रिडेटर’ मुलांची लाट येणार असे सांगितले, त्या भीतीपोटी अनेक राज्यांनी कायदे कडक केले. लाट आलीच नाही, उलट अल्पवयीनांचे हिंसक गुन्हे घटत गेले आणि पुढे डियुलिओंनी स्वतःच चूक कबूल केली. काही मुलांत लहानपणापासूनच अपराधीपणाची आणि दुसऱ्याच्या वेदनेची जाणीव क्षीण असते, आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा असल्याचे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण अशी मुले थोडी. फिलाडेल्फिया आणि फिनिक्स परिसरातल्या गंभीर गुन्हे केलेल्या १,३५४ मुलामुलींचा सात वर्षे मागोवा घेतला गेला, तेव्हा सातत्याने मोठ्या प्रमाणावर गुन्हे करत राहिलेल्यांचे प्रमाण दहात जेमतेम एक निघाले.

खेळांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. खेळांचा आक्रमक वागण्याशी थोडाफार संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसेचे खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही, असे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

खरी मेख ‘कळते’ या शब्दात आहे. ‘कळतं पण वळत नाही’ असे आपण सहज म्हणतो, आणि किशोरवयाच्या मानसशास्त्राने गेल्या वीस वर्षांत जवळपास हेच मोजून दाखवले आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी भारतासह अकरा देशांतल्या १० ते ३० वयाच्या पाच हजारांहून अधिक जणांची चाचणी घेतली. शांतपणे विचार करण्याची कुवत सोळाच्या सुमारास प्रौढांइतकी होते. आवेग आवरण्याची, मोहापुढे थांबण्याची क्षमता मात्र अठरानंतरही पक्व होत राहते. त्यांचाच २००५ मधला एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. पडद्यावर गाडी धावते, सिग्नल पिवळा होतो, आता कधीही लाल होऊन समोर भिंत उभी राहील. जितके उशिरा थांबाल तितके गुण जास्त, धडकलात तर गेले. एकटे खेळताना किशोर आणि प्रौढ यांच्यात विशेष फरक नव्हता. पाठीशी दोन मित्र उभे केल्यावर प्रौढ होते तसेच राहिले, किशोरवयीन मुलांनी मात्र कितीतरी अधिक धोका पत्करला.

आता आपल्याकडची प्रक्रिया पाहावी. (कायदा अशा मुलांना सरसकट सोडून देतो, हाही गैरसमजच, जानेवारी २०१६ पासून लागू असलेल्या बाल न्याय कायद्यानुसार १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढांसारखा खटला चालू शकतो.) असा खटला चालवण्याआधी बाल न्याय मंडळाला त्या मुलाची क्षमता, परिणामांची समज आणि गुन्ह्याची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यांकन करावे लागते. कल्पना करा, निरीक्षणगृहातून आणलेला मुलगा घटनेनंतर काही आठवड्यांनी शांत खोलीत बसला आहे. पोटात चाकू खुपसला तर माणूस मरतो का, असे विचारल्यावर तो ‘हो’ म्हणणारच. त्या उत्तरातून चौकात चार मित्रांच्या देखत, कुणीतरी डिवचले असताना त्याला स्वतःला आवरता आले असते का, हे कळत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२२ मध्ये परिणामांची समज म्हणजे केवळ तात्काळ परिणामांची समज नव्हे असे बजावले आणि मंडळात तज्ज्ञ सदस्य नसेल तर मानसशास्त्रज्ञाची किंवा तत्सम तज्ज्ञाची मदत घेणे बंधनकारक ठरवले.

जरबेचा दावाही याच ठिकाणी अडखळतो, कारण जरब बसायला आधी हिशेब मांडावा लागतो. अमेरिकेतल्या अभ्यासांचा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या तज्ज्ञगटाने २००७ मध्ये आढावा घेतला, तेव्हा प्रौढांच्या न्यायव्यवस्थेत पाठवलेली मुले पुढे कमी नव्हे, तर अधिक हिंसक गुन्ह्यांत सापडल्याचे दिसले.

पुण्यात कोयते नाचवून दहशत माजवल्याच्या बातम्यांत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ (म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेले अल्पवयीन मूल) हे शब्द वारंवार येतात. अशा वेळी त्या पोराला कोयता कुणी दिला, त्याच्या मागे कोणता ‘भाई’ आहे, हे तो फिरता मजकूर कधी विचारत नाही. मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपयांचा दंड याच बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्ये आहे, आणि हिशेब मांडण्याइतके वय त्या माणसाचे नक्कीच झालेले असते.