केमिकलवाली बाई टेलिकॉममध्ये कशी?

केमिकल इंजिनिअरिंग शिकून मोठ्या टेलिकॉम कंपन्यांमध्ये वरच्या पदावर गेलेल्या पद्मश्री वॉरियर यांच्यावरचा लेख आवडला (पद्मश्री हे त्यांचं नावच आहे, खाली कमेंटमध्ये दोघांनी पुरस्कार समजून अभिनंदन केलंय म्हणून सांगते). पण वर एका कमेंटमध्ये लिहिलंय की केमिकल इंजिनिअरिंग करून टेलिकॉममध्ये जाणं म्हणजे शिक्षण वाया, ते मला अजिबात पटलं नाही. मी स्वतः केमिकलची आहे. अहो चिप बनते कशी? सिलिकॉनच्या चकतीवर एकावर एक पातळ थर चढवायचे, नको तिथला भाग ॲसिडने नाहीतर वायूने खरवडून काढायचा, भट्टीत तापवायचं, सगळी केमिस्ट्रीच की! पद्मश्री म्हणजे विजयवाड्याची मुलगी, आयआयटी दिल्ली, मग कॉर्नेलला मास्टर्स, आणि १९८४ ला मोटोरोलात लागली ती सेमीकंडक्टरच्याच, म्हणजे चिपच्याच कामाला. म्हणजे फोनच्या आत काय चालतं ते तिने खालून, फॅक्टरीपासून बघितलं आणि मग २००३ मध्ये त्याच कंपनीची सीटीओ (तंत्रज्ञानाची मुख्य अधिकारी) झाली, आणि २००७ च्या शेवटी सिस्को या नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीची सीटीओ. लेखात १९८४ ते २००३ ही मधली एकोणीस वर्षं दोन ओळीत गुंडाळलीत याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण खरं करिअर तिथेच घडलं ना. पोस्टचं नाव सगळ्यांना दिसतं, पण त्याआधी फॅक्टरीत प्रोसेस लाइनवर काढलेले दिवस कोणी विचारत नाही. माझी भाची यंदा केमिकलला गेलीय आणि घरचे नाराज आहेत, तिला हा लेख आजच पाठवतेय.